समोरचं दुकान

ओमानात बौशरला, घला भागातल्या गॅरेजवाल्या गल्लीत सिराज मजगावकर आणि भिकाजी मांडवकर यांचं वैर प्रसिद्ध होतं. गल्लीत नवा मेकॅनिक रुजू झाला की त्याला आधी चहाचं हॉटेल दाखवत आणि मग हे वैर. दोघांची दुकानं समोरासमोर, मधे एक ट्रक जेमतेम जाईल एवढा रस्ता. दोन्हीकडे अमेरिकी गाड्यांचे स्पेअर पार्ट मिळायचे. फरक असलाच तर एवढाच, की सिराज एका बड्या अमेरिकी कंपनीचा भक्त होता आणि भिकाजी तिच्या जन्माच्या वैरिणीचा. कंपन्यांची नावं कशाला घ्या? दोघी थोरल्या घरच्या आहेत आणि या दोघांनी त्यांचं मीठ खाल्लेलं आहे.

गिऱ्हाईक सिराजकडे येऊन ब्रेक पॅडचा भाव विचारी. सिराज सांगे. गिऱ्हाईक तोंड वाकडं करी, कारण पहिल्याच दुकानात सांगितलेला भाव मुकाट्याने देणं हे त्या गल्लीत खुळेपणाचं लक्षण मानतात. ते पाठ फिरवून रस्ता ओलांडू लागलं की सिराज दारात येऊन ओरडे, "जाव, जाव, उस चोर के पास जाव!" समोरून भिकाजी चष्मा कपाळावर सरकवून उत्तर देई, "चोर कौन है, पूरी गल्ली को मालूम है!" गॅरेजातली माणसं हातातला पाना तसाच धरून ऐकत राहत. उन्हाळ्यात पारा डोक्यावरून जातो तेव्हा तिथे फुकटची करमणूक एवढी एकच होती.

गल्लीला ठाऊक नव्हतं ते हे, की 'चोर' हा इशारा होता. ज्याच्या पायरीला गिऱ्हाईक आधी लागलं ते त्याचं, असा दोघांचा करार होता. दुसऱ्याने थोडा चढा भाव सांगून त्याला परत पाठवायचं. 'चोर' अशी हाक ऐकू आली की समोरच्याने समजायचं, भाव सांगून झाला आहे, आता तू चढव. गिऱ्हाईक परत पहिल्या दुकानात यायचं, आणि दोन चोरांतला बरा चोर आपण शोधून काढला या समाधानात पैसे देऊन जायचं. याला लबाडी म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण भाव वाजवी असे आणि माल अस्सल असे. समोर बसलेला माणूस बारा महिने तुमच्या खोक्यांकडे बघत असेल, तर अस्सलच्या खोक्यात नकली पंप घालायला फार मोठी छाती लागते. ती दोघांकडेही नव्हती.

दुपारी एकला शटर अर्धी ओढली की भिकाजी गल्लीच्या मागच्या अंगाने सिराजच्या दुकानात यायचा. मागच्या खोलीत, रेडिएटरच्या रिकाम्या खोक्यांवर वर्तमानपत्र पसरून दोघं जेवायला बसत. डबा सिराजच्या बायकोचा, हाफिजाचा, आणि तो पहिल्यापासून दोघांचा. सिराज सहकुटुंब सीबला राहायचा. भिकाजीची बायको-मुलं लांज्याकडे गावी आणि तो इथे चौघांत एका खोलीत. सोमवारी तो मासळी खात नाही हे हाफिजाला पाठ होतं, म्हणून सोमवारी डब्यात मटकीची नाहीतर वालाची उसळ यायची, आणि सिराजही बिनबोभाट तीच खायचा. रमजानात भिकाजी सिराजच्या देखत पाणी प्यायचा नाही. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यात फारसं काही सांगावं लागत नसे. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, असा तो संसार होता.

तो मोडला शाळेतल्या एका वादविवाद स्पर्धेमुळे. म्हणजे खरं तर सिराजमुळे, पण सुरुवात तिथून झाली.

सिराजची मुलगी मुनिबा बारावी कॉमर्सला होती. शाळेने विषय दिला, अमेरिकेतल्या मोठमोठ्या मोटार कंपन्या एक केल्या तर त्या उद्योगाचं भलं होईल का. मुनिबाच्या वाट्याला 'होईल' ही बाजू आली. त्या शुक्रवारी जुम्मा आटोपून सिराज घरी आला तेव्हा भिकाजी दर शुक्रवारच्या सुट्टीप्रमाणे जेवायला आलेला होता, हाफिजा सुरमई तळत होती आणि मुनिबा लॅपटॉप मांडीवर घेऊन रडकुंडीला आली होती.

"अब्बा, मला ना, मर्ज झाल्यावर चांगलं का होतं, त्याचे पॉइंट पाहिजे," ती म्हणाली. तिचं मराठी असंच, एकेक पाय जपून टाकणारं.

सिराजला असं कोणी विचारलं की झालं. हा माणूस पार्ट विकायचा खरा, पण आपण मुळात सल्ले द्यायला जन्मलो आहोत अशी त्याची समजूत होती. तो पाय दुमडून ऐसपैस बसला.

"लिही. दोन कंपन्या, दोन ऑफिसं, दोन कारखाने, दोन इंजिनं. कशाला? एक ठेवा, एक बंद करा. खर्च अर्धा. दुसरं, भांडणात जो पैसा जातो, जाहिरातींत म्हण, भाव पाडण्यात म्हण, तो वाचतो. तिसरं, जपानी कधीचे आले, कोरियन आले, आता चिनी आले. आपल्या गल्लीत बघ, दहा गाड्या उभ्या असल्या तर अमेरिकी किती? बाहेरचा दारात उभा असताना घरातल्यांनी भांडू नये."

"बाय, आता माझा पॉइंट लिही," भिकाजी म्हणाला.

"अंकल, तुम्ही अगेन्स्ट आहात. मला अगेन्स्टचे नको."

"अगं, समोरचा काय बोलणार ते म्हाईत नको तुला? मी तुझा समोरचा." त्याने सुरमईचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "माझी कंपनी चांगली गाडी काढते ती काय लोकांच्या प्रेमाखातर? तुझ्या बापाच्या कंपनीच्या नाकावर टिच्चून काढायची म्हणून काढते. समोर कोण नसला की माणूस आळसतो. मी रोज वेळेवर शटर उघडतो तो कशाला? हा मेला माझ्या आधी उघडील म्हणून."

"आणि जपानी? चिनी?" सिराज म्हणाला.

"ते आहेतच रे. पण दोन आजारी माणसं एका खाटेवर निजवली म्हणून बरी होत नाहीत. खाट तेवढी मोडते."

"मग वेगवेगळ्या खाटांवर मरू देत?"

"निदान पाय पसरून तरी मरतील," भिकाजी म्हणाला, आणि हाफिजासुद्धा स्वयंपाकघरातून हसली. मग तो म्हणाला, "एक कारखाना बंद करा म्हणतोस, त्यातल्या माणसांचं काय करणार, ते पण लिहून दे पोरीला." मुनिबाने ते लिहिलं नाही. सिराजने सांगितलंही नाही. जेवण चांगलं झालं होतं आणि कोणाला माणसांची आठवण काढायची नव्हती.

मुनिबा स्पर्धा जिंकली. भाषण तिचं, पण चढलं सिराजला. कप दुकानात आणून त्याने काउंटरवर ठेवला आणि आल्यागेल्याला 'होईल' या बाजूचे मुद्दे ऐकवले. बरं, धंदा खरोखरच उतरणीला लागला होता. मोठ्या अमेरिकी जीपगाड्या, पिकअप हौसेने बाळगणारी जुनी पिढी थकली होती आणि त्यांची मुलं चिनी गाड्यांत फिरत होती. त्यातच भिकाजीचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा ओमानी मालक, वयोमानाने घरी बसला आणि त्याच्या मुलांनी दुकान काढून टाकायचं म्हणून बोलायला सुरुवात केली. सिराजला वाटलं, हीच वेळ आहे.

त्याने ते भिकाजीला आधी विचारलं नाही. आज त्याला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. समोर चार पावलांवर तो माणूस बसला होता, दुपारी एका डब्यात जेवत होता, आणि सिराज सरळ आपल्या अर्बाबच्या मुलाकडे गेला. हा फैसल अल खौदच्या विद्यापीठात शिकलेला, बोलायला गोड, हिशेबाला चोख. सिराजने त्याच्यापुढे मुनिबाचंच भाषण केलं. दोन भाडी कशाला, दोन लायसन्स कशाला, दोन एसी कशाला? समोरचा माल आपण घ्यावा, दुकान एकच मोठं करावं, काउंटरवर आम्ही दोघं. फैसलने ऐकलं, फोनवर काही आकडे मांडले आणि म्हणाला, "गुड आयडिया, सिराज."

"और भिकाजी?"

"वो भी रहेगा, इन्शाल्ला."

संध्याकाळी सिराज रस्ता ओलांडून उघड उघड समोरच्या दुकानात गेला, तेव्हा गल्ली चमकली. भिकाजीने सगळं ऐकून घेतलं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाला पुसला.

"माझा व्हिसा या पाटीवर आहे, सिराज. पाटी उतरली की मी कोणाचा?"

"फैसल नवीन दुकानावर घेणार तुला. जुनं लायसन्स काही महिने चालू ठेवतील, तोवर बदलून होईल. आणि तुझ्या अर्बाबची पोरं नाहीतरी दुकान विकणारच ना? दुसरा कोण आला तर तुला ठेवेल याची काय खातरी? इथे मी आहे ना."

भिकाजीची एकच इच्छा होती आणि ती तो वारंवार बोलून दाखवी. गावी जायचं ते आपल्या पायांनी, आपल्या हाताने शटर ओढून. कोणी 'जा' म्हटलं म्हणून नाही. ती सिराजला चांगली माहीत होती. म्हणूनच तो पुन्हा म्हणाला, "मी आहे ना."

"तू सांगतोस ना? मग खलास," भिकाजी म्हणाला.

माल हलवायचं काम मोठ्या उत्साहात झालं. आणि पहिला फटका तिथेच बसला. सिराजचे कप्पे गाड्यांच्या जातीप्रमाणे लावलेले, तर भिकाजीचे गिऱ्हाइकांप्रमाणे. त्याच्याकडे एक कप्पा निझवाच्या टॅक्सीवाल्याचा, एक शाळेच्या बसवाल्याचा, एक म्हाताऱ्या हमूदचा. त्या त्या माणसाला जे जे लागतं ते एकत्र. बाहेरच्याला तो पसारा वाटे, पण भिकाजीचा हात डोळे मिटून बरोबर जागी जाई. सिराजने ते सगळं मोडून आपल्या पद्धतीने लावलं. झालं असं, की भिकाजीला आपली वस्तू सापडेना आणि सिराजला भिकाजीची. गिऱ्हाईक काउंटरला बोटं वाजवत उभं आणि ही दोन जाणती माणसं खोक्यांत डोकं घालून एका फॅन बेल्टसाठी चाचपडताहेत. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण खरं दुखणं वेगळं होतं. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, तोंड वाकडं करायचं आणि सवयीने मागे वळायचं. समोर रस्ता होता, दुकान नव्हतं. मग ते पुन्हा काउंटरकडे बघायचं. तिथे दोन चोर शेजारी शेजारी उभे. आता कोणाचा भाव कोणाशी ताडून बघायचा? "देखके आता हूं," म्हणून ते बाहेर पडायचं आणि वादी कबीरकडे निघून जायचं, जिथे अजून दोन दुकानं समोरासमोर होती. सिराजने भाव उतरवून पाहिले. उपयोग झाला नाही. कमी भाव कमी आहे हे कळायला शेजारी जास्त भाव लागतो, आणि तो सांगणारा माणूस आता त्याच्याच दुकानात उभा होता.

एकदा भिकाजीने सुचवलं, आपण इथेच भांडून बघू. सिराज भाव बोलला, तसा भिकाजी शेजारून म्हणाला, "इसकी मत सुनो, ये चोर है." गिऱ्हाईक दोघांकडे बघून कसनुसं हसलं. एका ताटात जेवणाऱ्या माणसांनी लोकांसमोर भांडायचं तर मधे निदान रस्ता तरी हवा. त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही.

दिवसभर बरोबर असल्यामुळे दुपारच्या डब्याला सांगायलाही काही उरेना. पूर्वी सकाळभरात कोण आलं, कोणाला कसं परतवलं, याच्या गोष्टींवर भाकरी संपायची. आता दोघं खाली बघून जेवत. भिकाजी शिट्टी वाजवतो हे सिराजला इतक्या वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं, ते आता येऊ लागलं आणि खुपूही लागलं. सिराज प्रत्येक खोकं दोनदा उघडून बघतो याचा भिकाजीला वैताग येई. एसीच्या झोताखाली एकच खुर्ची होती. ऑगस्टातल्या एका दुपारी भिकाजी तिच्यावर बसला होता आणि एक गिऱ्हाईक नुकतंच पाठ फिरवून गेलं होतं. सिराजचं डोकं तापलेलं. भिकाजी सहज म्हणाला, "तो माझा बसवाला होता. त्याचा कप्पा तू मोडला नसतास तर गेला नसता."

सिराज म्हणाला, "कप्पे माझ्या पद्धतीने लागणार. दुकान माझ्या अर्बाबचं आहे."

आवाज चढला नव्हता. उलट तो अगदी हळू बोलला होता. वर्षानुवर्षं भर रस्त्यात एकमेकांना चोर म्हटलेल्या त्या दोघांना एक शब्द कधी लागला नव्हता. हे एवढंसं वाक्य मात्र लागलं. भिकाजी खुर्चीवरून उठला, खुर्ची त्याने सिराजच्या बाजूला सरकवली आणि स्टुलावर जाऊन बसला. त्यानंतर तो त्या खुर्चीवर कधीच बसला नाही. सिराजने त्याच दिवशी 'चुकलो' म्हणायला हवं होतं. संध्याकाळी म्हणू, उद्या म्हणू, करता करता ते राहिलं. जवळच्या माणसाची माफी मागायला माणूस फार उशीर लावतो, कारण त्याला वाटतं, हा कुठे जातोय?

फैसल पुढच्या महिन्यात आला. त्याने विक्रीचे आकडे पाहिले आणि शांतपणे सांगितलं की एवढ्या धंद्यावर दोन माणसं परवडत नाहीत, नव्या व्हिसाचा अर्ज काही तो करणार नाही. जुनं लायसन्स बंद झालं की भिकाजीने गावी जावं, हिशेब नीट करून देऊ. भिकाजी तेव्हा चहा आणायला गेला होता. सिराज म्हणाला, "अर्बाब, वो पुराना आदमी है." फैसल म्हणाला, "तुम भी पुराना है, सिराज."

बस, एवढंच. त्यात धमकी नव्हती, निदान त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. पण सिराजच्या डोळ्यांपुढे मुनिबाची बोर्डाची परीक्षा आली, सीबचं घर आलं, आपल्या व्हिसाला टांगलेला हाफिजाचा आणि पोरीचा व्हिसा आला. त्याला म्हणता आलं असतं की ही कल्पना माझी होती, भिकाजीची नव्हे. कोणी जायचं तर मी जातो, नाहीतर दोघांना अर्ध्या पगारावर ठेवा. यातलं काहीही म्हणता आलं असतं. तो काही बोलला नाही. भिकाजी तीन चहा घेऊन आला आणि एक फैसलपुढे ठेवला.

त्याला सांगायचं काम सिराजवरच आलं. भिकाजीने अडवलं नाही, भांडला नाही. 'तू म्हणाला होतास मी आहे ना' असं त्याने एकदा तरी म्हणावं, म्हणजे आपल्याला निदान मान खाली घालता येईल, असं सिराजला वाटत होतं. तेही तो म्हणाला नाही. "हां," म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला.

जायचा दिवस सोमवार होता. हाफिजाने वालाची उसळ, चपात्या आणि वाटेसाठी नारळाच्या वड्या दिल्या, आणि ती दारामागे उभी राहून रडली. "भाऊ, तिकडे पोचलात की कळवा," एवढंच तिला बोलता आलं. एअरपोर्टवर सोडायला येतो, असं सिराज म्हणाला, तर भिकाजीने सांगितलं की खोलीतल्या एकाची गाडी आहे, तू दुकान बघ. दुकान उघडं होतं, शटर ओढायची वेळ नव्हती. भिकाजी निघाला तेव्हा त्याने एकदा समोर आपल्या जुन्या दुकानाकडे पाहिलं. तिथे लॉन्ड्री झाली होती आणि पांढऱ्या दिशदाशा, ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे, ओळीने टांगल्या होत्या. मग तो बॅग उचलून गल्लीच्या मागच्या अंगाने गेला, जसा रोज जेवायला यायचा.

भिकाजीने पोचल्याचं हाफिजाला कळवलं. सिराजला त्याचा फोन आला नाही आणि सिराजने केला नाही. काय तोंडाने करणार? हाफिजा पुढे कित्येक दिवस सवयीने दोघांचा डबा भरत राहिली, आणि अर्धा डबा परत आला की घासून ठेवत राहिली. मुनिबाचा कप सिराजने काउंटरवरून काढून मागच्या खोलीत खोक्यांआड ठेवला. ती एकदा म्हणाली, "अब्बा, कॉलेजात तोच टॉपिक आला तर मी अगेन्स्ट घेईन." तो म्हणाला, "घे बेटा." तिने पॉइंट विचारले नाहीत.

हिवाळा लागला, गल्लीत दुपारी उभं राहता येऊ लागलं, तेव्हा एक दिवस म्हातारा हमूद आला. बौशरच्या जुन्या वस्तीतला हा खजुराचा बागवाला. त्याची अमेरिकी पिकअप फैसलपेक्षा वयाने मोठी. मधे तो आजारी होता, बऱ्याच महिन्यांनी येत होता. वॉटर पंप हवा होता. सिराजने तो शोधला, आणि शोधताना त्याला आठवलं की भिकाजीच्या त्या मोडलेल्या कप्प्यात हा पंप अगदी हाताशी असायचा. त्याने भाव सांगितला. वाजवी होता, वाजवीपेक्षाही कमीच होता.

हमूदने तोंड वाकडं केलं. "बहुत बोलता तुम. उदर पूछेगा," म्हणाला, आणि काठी टेकत रस्ता ओलांडून गेला.

सिराजच्या ओठांवर जुनी हाक आली होती. ती त्याने गिळली. हमूद लॉन्ड्रीसमोर उभा राहिला, आत डोकावला, पाटी वाचली. इस्त्रीवाल्या पोऱ्याला त्याने काहीतरी विचारलं, त्याने खांदे उडवले. म्हातारा तसाच उन्हात उभा राहिला. गेलं हेही गिऱ्हाईक, असं सिराजला वाटलं. पण हमूदने दिशदाशाच्या खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला आणि मोठमोठ्याने बोलू लागला. बोलता बोलता तो काठीने सिराजच्या दुकानाकडे दाखवत होता. मधेच हसला. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला, मान डोलावत.

तो परत आला तो समाधानाने.

"भिकाजीसे बात किया," म्हणाला. "हमारे पास व्हॉट्सॲप नंबर है उसका. बोला, सिराज ये भाव बोलता, तुम क्या बोलता?"

सिराजचे हात काउंटरवरच राहिले. "क्या बोला वो?"

"तुमसे जास्ती बोला. दो रियाल जास्ती." म्हाताऱ्याने पैसे मोजायला पाकीट काढलं. "यल्ला, पंप दे दो."

भिकाजीकडे ना दुकान होतं, ना पंप. लांज्यापलीकडच्या आपल्या गावात बसून त्याने हा भाव सांगितला होता. कमी सांगितला असता तर म्हातारा चिडून निघून गेला असता आणि ते न्याय्यच झालं असतं. 'मला काय विचारता, मी आता तिथे नाही' म्हणाला असता तरी पुरे होतं. पण गिऱ्हाईक आधी सिराजच्या पायरीला लागलं होतं. दुसऱ्याने चढवून सांगायचं. ज्याने दिलेला शब्द मोडला, त्याच्याशी केलेला करार तो तिकडे बसून पाळत होता.

सिराजने खोकं बंद केलं. चिकटपट्टीचं टोक त्याला सापडेना.

"और एक बात बोला," हमूद हसत म्हणाला. त्याला जुनी गंमत पुन्हा बघायची होती. तो जरा मागे सरून उभा राहिला, सिराज आता दारात जाऊन ओरडेल म्हणून. "बोला, सिराज को बोलना, चोर है तू."

सिराजने समोर पाहिलं. लॉन्ड्रीच्या दारात दिशदाशा वाऱ्याने हलत होत्या.

"सच बोला," तो म्हणाला, आणि खोकं म्हाताऱ्याच्या हातात दिलं.